खिळ्यांची केस

भाचीनं रविवारी फोन हातातून काढून घेतला.
म्हणाली, मामा, हा फोन आहे की भंगारवाल्याची हातगाडी?
सहा पानं भरून आयकॉन,
त्यात टॉर्च तीन ठिकाणी.

ऋजुताला सगळं देखणं लागतं.
तिच्या पडद्यावर राखाडी डोंगर,
आयकॉन एका रंगाचे, गणवेश घातल्यासारखे,
आणि वर एक घड्याळ, इतकं बारीक
की त्याला वेळ विचारायचा संकोच वाटावा.
मलाही तसंच करून दिलं.
धनकवडीच्या गॅलरीत बसून दोन दिवस मी
त्या सुंदर फोनात बसचं अ‍ॅप शोधत होतो.

तिसऱ्या दिवशी म्हटलं, आण इकडे.
एकतीस वर्षं नारायण पेठेत उभ्यानं काढली,
बिवलकरांच्या छापखान्यात, खिळ्यांच्या केससमोर.
कुठलं घर कुठे असावं हे आता कुणाला विचारू?

काना पोटाशी असायचा.
त्याला लागून वेलांट्या, मात्रा, र, त, य,
न बघता हाताला लागणारी घरची माणसं.
ङ वरच्या कोपऱ्यात, दूरच्या पाहुण्यासारखा.
मजकुरात वाङ्मय आलं की पासलकर टाचा उंचावून
ङ काढायचा आणि लेखकाला एक शिवी घालायचा.
केस देखणी आहे असं कुणी कधी म्हणालं नाही.
दिवसाला चार गॅल्या निघायच्या.

तर आधी अंगठा मोजला.
उजवा. सांध्यात थोडा आखडलेला.
खालून दुसऱ्या ओळीपर्यंत विनातक्रार जातो.
तिथे पीडीएफ, कारण लग्नपत्रिकांची प्रुफं अजून येतात
आणि शुभाशीर्वादातला शी लोक अजून ऱ्हस्वच काढतात.
तिथेच भिंग. तिथेच व्हॉट्सअ‍ॅप.
बस शेजारी, म्हणजे कात्रजहून सुटली की जिना उतरायचा.
साखरेची नोंद जरा वर;
लागते रोज, पण हात सहज जाऊ नये असं वाटतं.
बँक ङच्या जागी.
टॉर्च एकच.

मधली एक ओळ रिकामी सोडली.
ऋजुता म्हणाली, इथे हवामान टाकू, छान दिसेल.
तिला कसं सांगू,
आम्ही कोरी जागासुद्धा शिशानं भरायचो,
एकेक तुकडा बोटानं दाबून,
नाहीतर उचलताना सगळं पान घरंगळायचं.
म्हटलं, राहू दे, तिथे शिसं आहे.
तिनं माझ्याकडे पाहिलं, मग त्या ओळीकडे,
आणि काही टाकलं नाही.

डोंगर मात्र तिचाच ठेवला.
लांबून तो शाई पुसलेल्या फडक्यासारखा दिसतो,
हे तिला बोललो नाही.

राहिलं मुद्रित तपासणं.
जुनी खोड, मी फोन उलटा धरला,
डोकं खाली, पाय वर.
सरळ वाचलं की डोळा समजुतीनं पुढे सरकतो,
उलट्यात चूक उघडी पडते.
पण फोन शहाणा. गर्रकन फिरला
आणि माझ्यासमोर सरळ उभा राहिला.
पुन्हा उलटा केला. पुन्हा सरळ.
ऋजुता हसून हसून सोफ्यावर आडवी.
अरे मामा, तो मदत करतोय तुला!

सेटिंगमध्ये शिरून
ती मदत बंद केली.
मग निवांत, चष्मा कपाळावर,
उलटा पडदा ओळीओळीनं वाचत गेलो
आणि सापडलं:
कॅमेरा आणि कॅलेंडर अगदी खेटून,
दोघांचं तोंड सारखं,
घाईत अंगठा फसणार.

मध्ये एक घर सोडलं.
बोटभर शिसं.