शेपूट

सप्टेंबरात वारा वायव्येला फिरला
की पक्षी गिचिगामीच्या काठाकाठाने खाली सरकतात.
एवढं पाणी ओलांडायची छाती होत नाही त्यांची,
रोझेला मावशी म्हणते,
आणि त्यात लाजायचं काय? आपणही काठानेच आलो.

तिच्याकडे दुर्बीण, माझ्याकडे मोजणीचा तक्ता.
वर ठिपका. पंख फळीसारखे सपाट.
"मिगिझी."
मी रेघ ओढते: पांढऱ्या डोक्याचा गरुड, एक.
"गिनिव." सोनेरी. तोही एकच.
मग झिंगल्यासारखं डुलत येतं एक गिधाड,
"वीनांगे". नावातच मळ आहे त्याच्या.
"आणि रस्त्यावरचं मेलेलं हरीण कोण आवरतं?
महामार्गवाले?"

"गेकेक. गेकेक. गेकेक, गेकेक"
आता शिक्र्यांचा भोवराच उठलाय टेकडीवर,
तिचं बोट थांबत नाही, माझी पेन्सिल मागे पडते.
पुष्कळ झाले की शेवटी "वग" लागतं: गेकेकवग.
तिथे माझ्या जिभेला दरवेळी ठेच लागते.

घुबडाला रकाना आहे, पण अंधार पडल्यावर
ती त्याचं नाव घेत नाही.
ते स्वतःच सांगत फिरतं आपलं नाव रात्रभर,
आपण कशाला हाक मारा?

दुपारी तारेवर एक येऊन बसला.
मुठीएवढा. विटकरी पाठ,
गालावर काजळ ओघळल्यासारख्या दोन रेघा,
शेपूट खाली-वर, खाली-वर.
मावशीने दुर्बीण उतरवली.

"याला आमची आई काहीतरी म्हणायची.
धुणं वाळत घालताना, तोंडात चिमटे धरून.
चिमट्यांमुळे पुढची अक्षरं
कधी धड ऐकूच आली नाहीत.
मग विचारायचं राहिलं.
शेवटचं तेवढं आठवतं. एन्स."

एन्स म्हणजे लहानसा. इवला.
नाव उडून गेलं, शेपूट हातात राहिलं.

कोशात असेल, म्हणत मी फोन काढला.
तिने माझं मनगट धरलं.
"थांब. अजून बसलाय तो."

आणि दातांत चिमटे असल्यासारखे ओठ दाबून
ती काहीसं पुटपुटली.
मधलं वाऱ्याने नेलं.
एन्स, एवढं मला ऐकू आलं.

तो उडाला. गवतात झेपावला,
नाकतोडा घेऊन परत त्याच तारेवर.

माझी पेन्सिल टेकलीच होती कागदाला.
"पुन्हा मोजू नकोस," मावशी म्हणाली,
"तोच आहे."