अर्धा सेकंद

माझं वय सत्तेचाळीस, आवाज सात वर्षांचा.
एकोणीस वर्षं झाली, तो तिथेच थांबलाय,
पुढचा दात हलता ठेवून.
वर्सोव्याला, आरामनगरातल्या एका बंगलीच्या मागच्या खोलीत
मी चपला काढते, बांगड्या काढते (वाजतात),
पाण्याचा घोट घेते
आणि मुलगा होते.

"आई," म्हणायचं.
मग अर्धा सेकंद काहीच नाही.
मग "प्लीज."
काचेपलीकडे रुझबेह बोट वर धरून ठेवतो तेवढा वेळ.
म्हणतो, सगळा माल त्या फटीत विकला जातो, ताई.
तेवढ्यात बाईला आठवतं
काल आपण उगाच खेकसलो,
परवा डब्यात नुसती पोळी दिली.

बरणी जांभळी. नाव उंचू.
दुधात घातलं की पोरं ताडमाड.
झाकणाखाली वाघ, त्याची बुबुळं खाली वळलेली,
कारण बघणारा साडेतीन फुटांचा
आणि बरणी त्याच्या डोक्याच्या जरा वर मांडायची
असं दुकानदारांना कळवलेलं असतं.
आत स्टिकर. सहा प्राणी जमले की टोपी.
गेंडा कमी छापतात,
हे माझ्या कागदावर नव्हतं, चहाच्या वेळी कळलं.

"माझ्या वर्गात सगळ्यांकडे आहे."
हे मी एकोणतीस वेळा म्हटलं.
'सगळ्यांकडे'वर त्याला थोडं रडू हवं होतं,
पण हट्ट नको.
हट्टाला आया चापट देतात, ताई.
एकटेपणाला पैसे देतात.

परवा विक्रोळीत, कन्नमवार नगरात,
गालाशेठकडे साबुदाणा घेत होते
आणि माझ्या कोपराशी माझा आवाज बोलला.

तेच वाक्य. 'सगळ्यांकडे'वर तेच पाणी.
खाली पाहिलं तर शाळेचा शर्ट, एक बटण वेगळ्या रंगाचं.
त्याची आई गळ्यातलं हॉस्पिटलचं ओळखपत्र
पदराआड सारत म्हणाली, केवढ्याला?
तीनशे दहा.
लहान पाकीट नाही येत?
येतं. पण त्यात स्टिकर नसतो, गालाशेठ म्हणाले,
पोराकडे बघत, पोरगं ऐकेल अशा बेताने.
चांगला माणूस आहे. मला उधारीवर देतो.

तिने पाकिटाचा आतला कप्पा उघडला,
जो बायका सहज उघडत नाहीत.

"आई," तो म्हणाला.

आणि थांबला.
माझं बोट आपोआप वर गेलं, शप्पथ,
साबुदाण्याच्या पिशवीसकट.

"राहू दे. मला त्याचा वास नाही आवडत."

बरणीला सील असतं.
वास त्याने कुठे घेतला होता?
चेहऱ्यावर काही नाही, आवाजात काही नाही,
पाय तेवढे दुकानाच्या पायरीशी
एक सुटलेली फरशी दाबत होते, टक, टक.
एका टेकमध्ये.
मला इतकं स्वच्छ खोटं कधी जमलेलं नाही
आणि मला खोट्याचेच पैसे मिळतात.

चल सम्यक, आई म्हणाली, जरा जास्तच जोरात.
अर्धा किलो तूरडाळ, एक काडेपेटी.
मी बरणी घेऊन दिली असती. हातही गेला होता.
पण तिच्यादेखत देणं म्हणजे
तिच्या त्या कप्प्यात हात घालणं,
आणि टोपीला अजून पाच बरण्या,
आणि गेंडा तर निघालाच नसता.

मंगळवारी नूडल्स होत्या. या वेळी मुलगी, पाच वर्षांची,
थोडी बोबडी.
रुझबेहचं बोट वर.
"आई," म्हटलं,
आणि फटीत ती फरशी वाजायला लागली.

लांबलं, ताई. परत.

परत म्हटलं. मग परत.
चौथ्याला जमलं.
बांगड्या घातल्या, व्हाउचरवर सही केली.
रिक्षावाल्याने विचारलं, कुठे जायचंय, आजी?
आणि मी बोलायच्या आधी घसा खाकरून बघितला,
कोण उत्तर देतंय ते.