प्रश्न तिसरा

पाच वर्षं मी ही नदी भिंतीवर शिकवली.
निळी, बोटभर लांब,
मधोमध तुटक रेघ.
खरी नदी खिडकीखालीच होती,
पण खिडक्या हिवाळ्यात चिकटपट्टीनं बंद करतात
आणि आमच्याकडे हिवाळा एप्रिलपर्यंत पुरतो.

यंदा मुख्याध्यापिकेची सही घेतली,
चौदा संमतीपत्रं, चौदा पेन्सिली,
आणि आठवीला घेऊन उतरले काठावर.
कागदावर तीनच प्रश्न:
पाण्याचा रंग सांगा.
प्रवाह कुठून कुठे जातो?
सीमा कुठे आहे? खूण करा. (गुण दोन.)

इकडे आमचा किल्ला, तिकडे त्यांचा,
मध्ये हाक पोचेल एवढंच पाणी,
आणि दोघे उभे
अबोला धरलेल्या जावांसारखे,
एका चुलीचा धूर दोघींच्या डोळ्यांत.

वाऱ्याला कुठे पासपोर्ट लागतो, मुलांनो,
असं एक वाक्य मी घरून पाठ करून आणलं होतं.
गिळलं.
चौदातल्या चौघांच्या घरी राखाडी पासपोर्ट आहेत.
जुना देश पायाखालून निघून गेला,
नवा अजून नावावर झाला नाही,
अशांना तो रंग मिळतो.
मी तार्तूहून आलेली, माझा मरून.
'सीमा' या शब्दालाही
त्यांच्या घरी एक उच्चार, माझ्या शाळेत दुसरा.

गळ टाकून बसलेल्या आन्फीमना आर्तुरनं विचारलं,
आजोबा, सीमा कुठे?
ते पाण्यावरून नजर न काढता म्हणाले,
जिथवर गळ फेकायची छाती होते, तिथवर.
आणि आता बोलू नकोस, मासा बिचकतो.

मिरोन पुलावरची माणसं मोजत होता.
वीस मिनिटांत एकतीस गेली, नऊ आली,
सगळी पायी, चाकांच्या पिशव्या ओढत.
एक बाई, गिरणीत जन्म काढलेली,
बोटं अजून सूत वळल्यासारखी हलणारी,
तिला त्यानं विचारलं, कशाला जाता?
दात दाखवायला, ती म्हणाली,
आणि नवऱ्याच्या कबरीवरचं गवत काढायला.
मिरोननं विचारलं, हे आयात की निर्यात?
त्यानं थट्टा केली नव्हती.
आदल्या आठवड्यात तोच धडा झाला होता.

ज्लाता मात्र नदीकडे बघतच नव्हती.
पलीकडच्या पिवळ्या इमारतीचा चौथा मजला,
डावीकडून दुसरी गॅलरी.
गळ्यातला लाल रुमाल सोडून
तिनं हात उंच केला आणि हलवत राहिली.
मी म्हणणार होते, कागद पूर्ण कर.
तेवढ्यात तिकडे काहीतरी पांढरं हललं.
टेबलावरची चादर असेल,
किंवा उशीचा अभ्रा.

कोण गं?
आत्या. दर मंगळवारी, साडेअकराला.
आज शाळा होती, म्हणून वाटलं चुकणार.

मग मिरोननं टोपी काढली.
मग आर्तुरनं वही. मग सगळ्यांनीच काही ना काही.
गस्तीच्या बोटीवरच्या पोरसवदा शिपायानं
दुर्बीण डोळ्यांना लावली,
बराच वेळ बघितलं,
आणि खाली ठेवून दिली.
आन्फीम म्हणाले, गेला मासा.

आता रात्र. गठ्ठा संपत आलाय.
तेरा जणांनी रेघ मारलीय,
कुणी पट्टीनं, कुणी थरथरत,
आर्तुरची आन्फीमच्या गळापाशी वाकलेली.
ज्लाताच्या कागदावर रेघच नाही.
दोन गॅलऱ्या, दोन ठिपके, एक लाल, एक कोरा,
आणि मधली नदी रंगवायची राहिलेली.
राहिलेली की ठेवलेली, कळत नाही.

उत्तरसूचीत लिहिलंय: नदीच्या मध्यावर.
ते मीच लिहिलं होतं, ऑगस्टमध्ये,
चिकटपट्टीच्या अलीकडे बसून.

लाल पेनाचं टोपण काढते, लावते.
उद्या ती विचारेल, बाई, मला किती?
सांगेन, अजून तपासतेय.
आणि पुढच्या सहलीच्या अर्जावर
वार लिहिलाय: मंगळवार.
वेळ, सव्वाअकरा.