तिसऱ्या गिअरमध्ये

गुनवोर दातांची डॉक्टर होती, आता निवृत्त.
तिची बारीक हत्यारं अजून धारदार आहेत.
हिवाळाभर ती गॅरेजात दिवा लावून
कार्बोरेटरची भोकं कोरते
आणि सवयीनं पुटपुटते, "आ करा. जरा आणखी."

गाडी सहासष्ट सालची व्होल्व्हो, लाल.
म्हणजे जिथे गंजली नाही तिथे लाल.
मागल्या वर्षी पुढच्या मडगार्डात
माझं बोट आरपार गेलं.
मी काही बोललो नाही. बोट पुसलं.
स्वयंपाकघराची नवी फरशी
त्याच भोकातून गेली.

एका रबरी वायसरासाठी
गोथेनबर्गच्या कुणा म्हाताऱ्याला तिनं सात पत्रं लिहिली.
माझ्या आईला उभ्या आयुष्यात दोन.

मे महिन्यात रस्त्यावरचं मीठ धुऊन गेलं
तसं तिला बाहेर काढलं.
एकोणचाळीस किलोमीटर.
डावीकडे बॉथ्नियाचं आखात, बर्फ नुकता फुटलेला,
आणि गुनवोर, एकाहत्तर वर्षांची,
वळणावर ब्रेक न लावता हसणारी.

चाळिसाव्याला वाफ.

टोइंगवाला सिक्स्टेन आता पत्ता विचारत नाही.
कॉफीचा थर्मास घेऊनच येतो,
आणि गाडी वर चढवताना
तिला म्हणतो, "सावकाश, बाई."

ट्रकच्या केबिनमध्ये आम्ही तिघं दाटीवाटीनं.
तिच्या नखांत ग्रीस.
मी मनात फरशीचा हिशेब मांडत होतो,
तेवढ्यात कोपरानं ढोसून ती म्हणाली,
"तिसऱ्यात कशी ओढत होती, ऐकलंस?"

ऐकलं होतं.
खोटं कशाला बोलू.