चाळीस हजार

कागदावर दोन रकाने पाडले होते:
हवं ते, आणि परवडतं ते.
डावा घसरत घसरत पार पानाच्या कडेला —
रीमॅप, मोठा इंटरकूलर, घसा मोकळा करणारा सायलेन्सर.
उजव्यात नुसतं चाळीस हजार
आणि त्याखाली दोनदा ओढलेली रेघ.

कुर्टीला कायतानच्या गॅरेजात गाडी जॅकवर चढली.
त्यानं कागद वाचलाच नाही.
वाकून पुढच्या टायरवर अंगठा फिरवला,
डॉक्टरानं जीभ बघावी तसा टायर बघितला,
म्हणाला, "आदीं थांबपाक शिक रे पात्रांव,
मागीर धांव."

रोज फोंडा ते वेर्णा, शिफ्ट सहाची.
बोरीच्या पुलावर पुढे मासळीचा टेंपो,
बर्फाचं पाणी रस्त्यावर गाळत.
तिथे शंभर घोडे काय, दीडशे काय,
सगळे मान खाली घालून टेंपोमागे.

तरी हट्ट होताच. तो कानात होता.
रात्री अंथरुणात मी टर्बोचा उसासा
तोंडानं काढून बघायचो, हळूच,
दीप्ती जागी होणार नाही इतपत.

शेवटी चार टायर, पुढचे पॅड, ब्रेकचं तेल
(जुनं निघालं ते कोऱ्या चहासारखं).
चौतीस हजार सहाशे.
शेजारच्या उल्हासनं गाडीभोवती चक्कर मारून विचारलं,
काय बदललंस?

बुधवारी पुलाआधीच्या वळणावर
टेंपो एकाएकी थांबला.
मीही थांबलो.
एवढंच.

नव्या रबराच्या मिशा अजून झडलेल्या नाहीत.
उरलेले पाच हजार चारशे
डॅशबोर्डच्या कप्प्यात आहेत.
सायलेन्सरवाल्याला मी अजून
नाही म्हटलेलं नाही.