झेफेरीन बाबचं खातं

सर्व्हर नेला त्या दिवशी
भंगारवाल्याने आधी विचारलं, "तांबं किती निघेल?"
टेम्पोत काजूच्या रिकाम्या डब्यांशेजारी
बारा वर्षांची बिलं, पगार, निर्यातीचे दाखले
उताणे पडले.
पुसलेले, अर्थात. तीन वेळा.
त्याचंही प्रमाणपत्र आहे.
खोलीत उरला धूळ नसलेला एक चौकोन
आणि एसी, जो आणखी दोन दिवस
कुणासाठी तरी चालू राहिला.

शेटना पटत नव्हतं.
"ढगात म्हणजे कुठं?"
मी म्हटलं, मुंबईत, आणि एक प्रत हैदराबादला.
"मग ढग कशाला म्हणता? गोदाम म्हणा."
बरोबरच होतं त्यांचं.
गोदाम भाड्याचं, भिंती त्यांच्या, किल्ल्या आपल्या,
आणि किल्ली कुणाकडे आहे हे आपण विसरलो
तर तो दोष गोदामाचा नाही.
करारात सहाव्या पानावर आहे.
वाचून दाखवलं.

माझा बाप आखाड्याच्या खाजनात मानस सांभाळायचा.
भरतीला दार आपसूक मिटतं,
ओहोटीला आपसूक उघडतं.
माणसाचं काम एवढंच, की कंदील घेऊन जायचं
आणि कुर्लीने बांधाला कुठं भोक पाडलंय का बघायचं.
"पाणी मोठ्याने येत नाही," म्हणायचा,
"पाझरतं."
कुंडईत प्रशिक्षणाच्या दिवशी मी हेच सांगितलं.
सोलणीच्या बायकांना तिथल्या तिथे कळलं.
मार्केटिंगचा मुलगा मोबाइल बघत होता,
आणि त्याच आठवड्यात त्याने
रॉटरडॅमच्या नावाने आलेल्या पत्रावर बोट ठेवलं.
दोन तास गेले. त्याच्या एकट्याच्या फायली गेल्या,
त्याही रात्री परत आल्या, कालच्या प्रतीतून.
बाकी शेतात खारं पाणी शिरलं नाही.

आज ऑडिटर आलीय, मडगावची.
बारीक अक्षर, बिनसाखरेचा चहा.
कोण कधी आत आलं, कुणाला काय दिसतं,
दुसरा कोड कुणाच्या फोनवर जातो.
सत्तेचाळीस नावं, सेहेचाळीस माणसं.
"हे झेड. मिनेझिस कोण?
शेवटचं लॉगिन चौदा महिन्यांपूर्वी.
हक्क: सर्व."

सर्व हक्क असलेला माणूस
हिशेबाच्या खिडकीशी बसायचा,
पासवर्ड चिठ्ठीवर लिहून चष्म्याच्या घरात ठेवायचा.
मी ओरडले की म्हणायचा,
"आमच्या इगर्जीच्या पेटीला तीन चाव्या, बाय.
एक पाद्रीकडे, एक खजिनदाराकडे,
तिसरी हरवलेली.
म्हणून तर पैसे टिकले."
सगळं हलवलं त्या रात्री
जुने आकडे नव्यांशी जुळेनात,
सव्वातीन रुपयांचा फरक.
मी म्हटलं, सोडा.
तो बूट काढून बसला.
दोन हजार तेराच्या हमालीत सापडले, पहाटे.
पंधरवड्यात गेला.

यातलं मी काही सांगितलं नाही.
म्हटलं, "राहून गेलं."
तिने लिहिलं: त्रुटी, मध्यम, चोवीस तासांत दुरुस्ती.

पडदा विचारतो, काढून टाकायचं की निष्क्रिय करायचं?
काढून टाकलं तर त्याने मंजूर केलेल्या नोंदींपुढे
"अज्ञात वापरकर्ता" असं येईल.
मी दुसरं निवडलं.
हिशेब आठ वर्षं जपा, असं कायदा सांगतो.
म्हणजे अजून सहा वर्षं आणि वर काही महिने
सव्वातीन रुपयांसमोर त्याचं नाव,
चार वाजून अकरा मिनिटं,
एकदा मुंबईत, एकदा हैदराबादला.
शेटनाही ते पुसता येणार नाही.
मलाही.

जाताना ऑडिटर म्हणाली,
"किलोभर काजू मिळतील? बिल करून."
बिल केलं.