वीस-चाळीस

रिकामा म्हणून फेकतात तो डबा रिकामा नसतो.
रात्री उलटा टांगला की
सकाळपर्यंत दोन चमचे उतरतं,
काकवीसारखं, कसलीच घाई नसलेलं.
गॅरेजात आल्यावर पहिल्या आठवड्यात
मी एवढंच शिकलो.

ते दोन चमचे मुंजाजी नवघऱ्यांचे.
बँकेच्या दारात त्यांचं स्टूल,
मांडीवर बारा बोअरची दुनाळी,
पट्ट्यात पाच काडतुसं, रोज मोजलेली.
रविवारी यायचे खोकल्याच्या औषधाची बाटली घेऊन.
“जळकं नको बरं का. नवंच दे.
जळक्यात लोखंडाचा कीस असतो, नळी खातो.”

ताहेरभाई पान्यानं डोकं खाजवत विचारायचे,
“ये तो इंजन का तेल है, हवालदारसाब.
बंदूक कू चलता क्या?”
“पलटणीत हिरव्या डब्यात यायचं.
इथं वसमतला कोण द्यायलंय?
इंजिन काय न् बंदूक काय,
आत जाळच की.
हिचा लागला नाही अजून, एवढंच.”

एकोणीस वर्षं लागला नाही.

बाकड्यावर गोणपाट, गोणपाटावर ती, मधून मोडलेली.
दोरीच्या टोकाला चिंधी, चार बोटं बाय दोन,
नळीत सोडायची, पलीकडून ओढायची.
फुलत्रू म्हणायचे त्या दोरीला.
हा शब्द मला दुसऱ्या कुणाकडून
कधी ऐकू आला नाही.

मार्चमध्ये मोंढ्यात हळद यायची.
नोटा पिवळ्या, कॅशियरच्या पापण्या पिवळ्या,
आणि तेलकट लोखंड म्हणजे
त्या धुळीला आवतणच.
खटक्यात लेप बसायचा.
ते खिळ्यानं खरवडायचे, फुंकायचे, शिव्या द्यायचे,
शिव्या हिंदीतून, पलटणीतल्या.

मे महिन्यात तेल पातळ होऊन दस्त्यात मुरायचं,
अक्रोडाचं लाकूड काळं पडायचं खांद्यापाशी.
जानेवारीच्या पहाटे तेच इतकं घट्ट
की घोडा पडायचा दमेकऱ्यासारखा,
मधेच थांबून.
“थेंब, लेकरा. थेंबच.
तेल दिसलं म्हंजे जास्त झालं.”

खंडेनवमीला मॅनेजर बँकेत पूजा करू देईना,
म्हणून बंदूक आमच्या पान्यांच्या रांगेत,
जॅक आणि ग्रीसगनच्या मधी.
वर्षभर जी हळद खरवडली
तीच चिमूटभर, स्वतःच्या बोटानं, नळीला.
दुसऱ्या दिवशी सकाळी पुसायला हजर.

इलेक्शन आलं की ती ठाण्यात जमा.
दोन महिने ते काठी घेऊन बसत
आणि काठीसुद्धा मांडीवर आडवी धरत.
एकदा परत मिळाली तेव्हा
डाव्या नळीत तांबेऱ्याचे ठिपके.
त्या रविवारी काही बोलले नाहीत.
मी बाटली काठोकाठ भरली.
त्यांनी अर्धी परत ओतली डब्यात,
हात न थरथरता.

मग बँकेत कॅमेरे आले.

परवा त्यांची लेक आली, सत्यभामा,
मोपेडवर आडवी बांधलेली सोलापुरी चादर.
“दादा गेले तेराव्याला महिना झाला.
ठाण्यात जमा करायला जायलेय.
मनून गेले, आधी तुला दाखवायची.”

मी चादर सोडली. मोडून धरली उजेडाकडं.
डावी नळी, उजवी नळी.
आत वर्तुळात वर्तुळ, वर्तुळात वर्तुळ,
ठिपका शोधून सापडेना.
टोकाला नाण्याएवढा उजेड
आणि त्यात तिच्या मोपेडचं मागचं चाक,
चेन कोरडी, लाल.

तेल लागत नव्हतं हिला. एक थेंबसुद्धा.
बाटली माझ्या हातातच होती.
मी खाली बसलो, चाक हातानं फिरवत
ते दोन चमचे चेनला घातले,
जरा जास्तच.